पाटी नंतर वाचा, आधी पीक कोणतं ते बघा

औशाहून छत्रपती संभाजीनगरला राहायला आलेल्या एका ताईंनी विचारलं आहे: "सिडकोत फ्लॅट आहे, घरात तीन वर्षांची मुलगी आहे. गावाकडे शेतातलं खायची सवय होती. इथं दुकानात सेंद्रिय म्हणून लिहिलेलं सगळं दुप्पट भावाचं मिळतं. खरं-खोटं कसं ओळखायचं, घ्यायचं कुठून, आणि महिन्याचं गणित न बिघडवता हे जमेल का?"

ताई, मी फुलंब्री तालुक्यात शेती करते आणि गेली सोळा वर्षं आमच्या गटाचा माल थेट शहरातल्या घरांना देते. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेक बाया एकदम सगळं घर बदलायला निघतात. साखर, पीठ, तेल, भाजी, दूध सगळं एकाच महिन्यात सेंद्रिय. दोन महिन्यांत खर्च झेपत नाही आणि सगळंच सुटतं. म्हणून दुकान आणि शिक्के राहू द्या थोडा वेळ. आपल्या मराठवाड्यात कुठल्या पिकावर औषध पडतं आणि कुठल्या पिकावर पडतच नाही, हे आधी समजून घ्या. एवढं कळलं की निम्मा खर्च वाचतो.

रब्बी ज्वारी घ्या. पोळ्यानंतरच्या पावसाची ओल काळ्या रानात मुरते, त्या ओलीवर ती पेरतात आणि पुढे पाणी मिळालं तर मिळालं, नाही तर नाही. सुरुवातीच्या महिन्यात खोडमाशीची भीती असते, अलीकडे काही रानांत लष्करी अळीही दिसते आणि तिथे लोक एखादी फवारणी करतात. पण ज्वारी एकदा डोक्याएवढी झाली की तिच्यात पंप घेऊन कोण शिरतंय? पानं अंगाला कापतात. कोरडवाहू बाजरी, जवस, कारळ, अंबाडी यांचंही तसंच. शेवगा बांधावर असतो, चिंच आणि कवठ कुणी लावलेलं नसतं, बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ तर आपलं आपण येतं. या वस्तूंना सेंद्रियचा जादा भाव देण्याची गरज फारशी नसते. ओळखीच्या शेतकऱ्याकडची साधी कोरडवाहू ज्वारी घ्या, ती बहुतेक वेळा तुम्हाला हवी तशीच असते.

आता दुसरं टोक बघा. वांग्याची अळी शेंड्यात आणि फळात शिरून बसते. वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा मारतो. त्यात वांग्याची तोडणी दर तीन-चार दिवसांनी. प्रत्येक औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं की फवारल्यावर इतके दिवस माल तोडू नये. चार दिवसांनी तोडायचीच आहेत म्हटल्यावर ते दिवस पाळायचे कसे? भेंडी, मिरची, टोमॅटो, काकडी यांची हीच अडचण आहे. जी भाजी पुन्हा पुन्हा तोडतात, तिच्यावर औषधाचा अंश राहण्याची शक्यता जास्त. फुलकोबी, पत्ताकोबी एकदाच काढतात, पण त्यांच्यावरही अळीसाठी बराच मारा होतो. द्राक्ष आणि डाळिंबाबद्दल तर बोलायलाच नको. तुमच्याकडे सेंद्रियसाठी महिन्याला पाचशे रुपये जास्तीचे असतील तर ते इथे घाला. मुलीला रोज लागणारा टोमॅटो, कच्ची खाल्ली जाणारी काकडी, कोथिंबीर, मिरची. पहिल्या वर्षी एवढंच करा.

मधल्या रांगेत तूर आणि हरभरा. दोन्हींवर घाटेअळी येते आणि दोन्हींवर फवारणी होते, त्यामुळे "डाळ काय, डाळच असते" असं म्हणून सोडू नका. पण दाणा शेंगेत असतो, वर टरफल असतं, पीक वाळवून मळतात, त्यामुळे वांग्याइतकी धास्ती नको. डाळीत मला जास्त खटकते ती पॉलिश. चकचकीत, एकसारखी पिवळी, हाताला गुळगुळीत लागणारी डाळ घेऊच नका. तेलपाणी लावून, उन्हात वाळवून भरडलेली डाळ निस्तेज दिसते, हाताला थोडी पावडर लागते, काही दाण्यांना साल चिकटलेली असते. तिचं वरण केलं की शेजारच्या घरी वास जातो.

शिक्क्यांबद्दल आता सांगते. भारतात दोन पद्धती आहेत. एक २००१ पासूनचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते. खर्चिक आहे, निर्यातीच्या मालाला ती लागते. दुसरी २०११ पासूनची पीजीएस, म्हणजे सहभाग हमी पद्धत. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि हमी देतो. त्यातही दोन पायऱ्या आहेत. 'पीजीएस ग्रीन' म्हणजे शेत अजून बदलण्याच्या काळात आहे, आणि 'पीजीएस ऑरगॅनिक' म्हणजे तो काळ पूर्ण झाला आहे. हंगामी पिकाला हा काळ किमान दोन वर्षांचा, फळबागेला तीन वर्षांचा. दुकानातल्या बंद पाकिटावर यांपैकी एका पद्धतीची सरकारी खूण असायला हवी. पाकिटावर नुसतं 'नॅचरल', 'केमिकल फ्री', 'गावरान', 'फार्म फ्रेश' छापलं असेल तर त्याला काही आधार नाही. हे शब्द कुणीही छापू शकतं. मात्र छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट तुम्हाला विकत असेल तर त्याला कायद्यानेच प्रमाणपत्रातून सूट आहे. त्याच्याकडे कागद नाही म्हणून त्याला खोटं ठरवू नका.

आणखी एक गोंधळ हल्ली फार बघते. भौगोलिक मानांकन म्हणजे सेंद्रिय, असं लोक धरून चालतात. जालन्याची मोसंबी आणि दगडी ज्वारी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केशर आंबा, वसमतची हळद, निलंग्याकडची बोरसुरी तूर या सगळ्यांना ते मानांकन आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ते मानांकन मातीचं, गावाचं, वाणाचं आहे. फवारणी झाली की नाही हे त्यात येत नाही. मोसंबी आणि आंबा घेताना ते वेगळं विचारावंच लागतं. आंब्याच्या बाबतीत तर पिकवला कसा हेही विचारा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, तरी पुडी घालणारे असतात. अक्षय्य तृतीयेच्या आधी एकसारखा पिवळाधमक, पण देठाशी वास नसलेला आंबा दिसला तर मी हात लावत नाही. अढीतला आंबा एका पेटीत कधीच एकसारखा पिकत नाही.

कागद नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा? प्रश्नांवर. पण "औषध मारता का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" असंच येणार. त्याऐवजी विचारा, "तुरीवर घाटेअळी आली तेव्हा काय केलं?" खरा सेंद्रिय शेतकरी या प्रश्नावर खुलतो. निंबोळी अर्क किती वेळा मारला, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे कधी लावले, पक्षी बसावेत म्हणून काठ्या कशा रोवल्या, तरी दोन पोती कशी गेली, हे सगळं तो सांगेल. वांगं विकणाऱ्याला विचारा की अळीसाठी काय करता. तो म्हणेल, किडके शेंडे दर आठवड्याला खुडून जाळतो, तरी टोपल्यात चार निघतातच. "आमच्याकडे कीड येतच नाही, देशी गाईची कृपा" असं उत्तर आलं तर नमस्कार करा आणि पुढे चला. कीड सगळ्यांच्या रानात येते. आमच्या पहिल्या वर्षी वांग्याचा निम्मा माल भोकाचा निघाला होता. मी तो गाडीत घालून शहरात आणला आणि तीन घरांनी तो परत दिला. त्यातल्या एक आजी चौथ्या आठवड्यात स्वतःहून म्हणाल्या, "भोकाचं दे, चिरून बघते." त्या अजून आमच्याकडून माल घेतात.

दुसरा प्रश्न याहून धारदार आहे: "तुमच्याकडे हे बारा महिने असतं का?" मे महिन्यात मेथीची जुडी, भर पावसाळ्यात फुलकोबी आणि वर्षभर टोमॅटो जो देतो, त्याचा माल कुठून तरी येतो. कुठून, हे त्याला सांगता यायला हवं. आमच्या गटाला एका दुकानाने एकदा तीन क्विंटल सेंद्रिय गहू मागितला होता. आमच्याकडे ऐंशी किलो होता. मी नाही म्हटलं तर समोरून उत्तर आलं, "बाकीचा मोंढ्यातून घ्या, पिशवी तुमची वापरू." तो दिवस मी विसरले नाही. म्हणून सांगते, जो माणूस "संपलं, आता पुढच्या वर्षी" म्हणतो त्याच्याकडे परत जा.

तरीही शंका राहिली तर दहा घरांनी मिळून एखादा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कीटकनाशकांच्या अंशासाठी तपासून घ्या. काही हजार रुपये लागतात, एकट्या घराला परवडत नाही, पण दहा घरांत वाटले की जमतं. शेतकऱ्याला आधी सांगून करा. खरा असेल तर तोच अहवाल पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवेल.

आता घ्यायचं कुठून. जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे उतरणारा माल शेकडो शेतांतला एकत्र असतो, तिथे सेंद्रिय शोधू नका. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मात्र कडेकडेने बघत चला. चारच वस्तू घेऊन बसलेली एखादी म्हातारी बाई, ढिगात लहानमोठी भाजी, मुळ्यांना माती, सोबत घोळ किंवा चिवळीच्या दोन जुड्या. ती स्वतःच्या रानातलं विकते आहे. ते सगळं सेंद्रियच असेल असं मी म्हणणार नाही, पण तिला विचारता येतं, आणि घोळ-चिवळ ही तर तिच्या रानातलं तणच आहे. जिथे तणनाशक मारतात तिथे ती सहसा दिसायची नाही. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून शेतकऱ्यांचे आठवडे बाजार शहरात वाढले आहेत. तुमच्या भागात कुठे भरतो ते 'आत्मा' या शेतीच्या सरकारी यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. सेंद्रिय गटांची यादीही तिथेच मिळते, अनेकांना हे माहीत नसतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे. त्या सुमाराच्या खरीप मेळाव्याला आणि मराठवाडा मुक्तिदिनाच्या वेळच्या रब्बी मेळाव्याला गट, बचत गट यांचे स्टॉल असतात. एकदा जाऊन या. एका दिवसात दहा शेतकऱ्यांशी ओळख होते. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो, तिथे मुलीला घेऊन जा आणि कुर्डू, तरोटा, पाथरी, केना ओळखायला शिकवा.

भाजीला पाणी कुठलं, हेही विचारा. उन्हाळ्यात शहराच्या कडेला हिरवीगार पालेभाजी दिसते, ती कधी कधी नाल्याच्या पाण्यावर असते. औषध न मारताही ती मी लेकराला देणार नाही. आपल्याकडे एप्रिल-मे हे पालेभाजीचे महिने नाहीतच. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. आपल्या आज्या त्या दिवसांत काय करायच्या? सांडगे, येसराची आमटी, कुळथाचं पिठलं, डाळकांदा, वाळवलेल्या गवारीची भाजी, ताकातली अंबील. हे उन्हाळ्याचं जेवण आहे आणि ते पूर्ण आहे. सेंद्रिय गवार स्वस्त मिळेल तेव्हा गच्चीवर चार दिवस वाळवून ठेवा.

दोन वस्तूंचा रंग बघून घ्या. गूळ आणि हळद. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा रंग उजळणारी हायड्रॉस पावडर टाकून केलेला असतो. भेंडीच्या झाडाचा चीक घालून मळी काढलेला गूळ तपकिरी, कधी काळपट असतो, आणि पावसाळ्यात त्याला पाझर सुटतो. तो पाझर बघून घाबरू नका. हळद पूड म्हणून घेऊच नका. वसमत-हिंगोलीकडची हळकुंडं आणा, फोडून आतला रंग बघा आणि ओळखीच्या गिरणीत दळून घ्या. तेलाला करडईचा घाणा शोधा. करडई आपल्या कोरड्या रानाचंच पीक आहे. घाण्याच्या तेलाचा वास पहिले आठ दिवस उग्र वाटेल, नंतर दुसरं तेल बेचव लागायला लागतं.

हे सगळं करून घरी आणलेल्या धान्यात लोक काय करतात ते सांगते, कारण याचा मला खरा राग येतो. सेंद्रिय म्हणून जास्त पैसे देऊन घेतलेल्या ज्वारीत सल्फासची गोळी टाकतात. त्या गोळीतून विषारी वायू सुटतो, बंद घरात त्याने माणसं दगावली आहेत. लेकरू असलेल्या फ्लॅटमध्ये ती आणायचीच नाही, पाऱ्याच्या गोळ्याही नाहीत. धान्य घेताना एक दाणा दाताखाली धरा, कट्‌ आवाज आला पाहिजे. घरी आणल्यावर दोन कडक उन्हं दाखवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग हवाबंद डब्यात, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून भरा. डाळीला किंचित एरंडेल चोळा. फ्लॅटमध्ये वर्षाचं धान्य साठवण्याचा हट्ट नको. आमच्याकडची घरं तीन महिन्यांचं नेतात, बाकीचं शेतकऱ्याच्या घरीच राहतं. भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. सेंद्रिय भाजी तर जास्तच, कारण तिला शेणखत आणि शेण-गोमूत्राचं जीवामृत घातलेलं असतं. मात्र धुण्याने बाहेरचंच निघतं. झाडाच्या अंगात भिनणारी जी औषधं असतात ती पाण्याने निघत नाहीत, म्हणून विकत घेतानाच निवड करावी लागते.

भावाचं म्हणाल तर बाजाराच्या सव्वा ते दीडपट मला रास्त वाटतं. आमचं उत्पन्न कमी येतं, निंदायला मजुरी जास्त लागते. त्याहून जास्त कुणी सांगितलं तर कारण विचारा, आणि रास्त भावात घासाघीस करू नका.

चवीचं राहिलं. सेंद्रियने आजार जातात वगैरे मी सांगणार नाही. ताज्या, हंगामातल्या वस्तूची चव मात्र मी रोज बघते. थंडीतल्या करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी, लसणाची फोडणी, वर जवसाची चटणी आणि तव्यावरून ताटात आलेली भाकरी. हरभऱ्याचा हुळा भाजताना बोटं काळी होतात, लेकरांची तोंडं काळी होतात. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीचा हुरडा आगटीतून काढून तळहातावर चोळला की जो गोड वास येतो, तो पाकिटातल्या हुरड्याला नाही. कणीस तोडल्यापासून तास-दोन तासांत खावा लागतो, म्हणून त्यासाठी शेतावरच जावं लागतं. मुलीला न्या. ज्वारी झाडाला येते की जमिनीत, हे शहरातल्या लेकरांना ठाऊक नसतं, आणि हुरडा खाल्लेलं लेकरू घरी भाकरीला नाही म्हणत नाही, एवढा माझा अनुभव आहे.

आता तुमच्यापुरतं. तुमचं माहेर औशाचं, म्हणजे तुमच्याकडे येळवस, वेळ अमावस्येचा सण, आहे. आमच्या फुलंब्रीकडे ती नाही, पण मी दोनदा लातूरकडे जाऊन जेवून आले आहे. मार्गशीर्षाच्या त्या अमावस्येला अख्खं शहर रिकामं होतं, कडब्याच्या कोपीत भज्जी, उंडे, आंबील मांडलेली असते आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावतात. या वर्षी चुकवू नका. जेवून झाल्यावर भावाच्या शेजारची चार रानं फिरून या. तेव्हा तूर काढणीला आलेली असते आणि ज्वारी पोटरी-निसवणीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, उभी असते, कुणी किती फवारलं हे गावात लपत नाही. ज्याचं मनाला पटेल त्याच्याशी तिथंच बोला: पन्नास किलो ज्वारी, वीस किलो तूर, राशीवरचीच, भाव आताच ठरवू, निम्मे पैसे आज देते. खळ्यावरून माल व्यापाऱ्याकडे जायच्या आधी तुमची पोती बाजूला निघतील. आणि भावाला सांगून तूर तिथेच भरडून घ्या, इथे आणून भरडायला गिरणी शोधत बसू नका.